गव्हाचीच भाकर: संस्कारांच्या अटी आणि बुलढाण्यातली अंतरे

शेगावला महाप्रसादाच्या पंगतीत कुणी कुणाला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. बसला त्याला वाढले. बुलढाणा जिल्ह्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या मनात प्रसादाची हीच कल्पना पक्की असते. हाच माणूस नाताळच्या रात्री ओळखीच्या कुटुंबाबरोबर कॅथलिक चर्चमध्ये जातो. मिस्सा शेवटाकडे येते, लोक उठून रांगेने वेदीकडे जाऊ लागतात, तोही भक्तिभावाने रांगेत उभा राहतो. त्याची पाळी येते तेव्हा फादर हलक्या आवाजात काही विचारतात आणि हातातली पांढरी चकती न देता त्याच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतात. तो परत येऊन बसतो. अपमान झाला असे त्याला वाटत नाही, पण एक प्रश्न घेऊन तो घरी जातो: देवाच्या घरच्या गोष्टीला अट कशासाठी?

हा प्रश्न पाहुण्यापुरता नाही. कॅथलिक घरातली माणसेही तो विचारतात. अलायन्स या प्रोटेस्टंट चर्चच्या मुलीशी लग्न ठरलेला मुलगा विचारतो, मरणाच्या दारात बाळ असलेली आई विचारते, रात्री बाराला ज्याच्या वडिलांचा श्वास अडकलाय तो मुलगा विचारतो. संस्कार कुणी द्यायचा, कुणाला द्यायचा, काय वापरून आणि कोणत्या शब्दांत द्यायचा, या प्रश्नांवर चर्चने जवळजवळ अठराशे वर्षे विचार केला आहे. तो विचार बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आणून पाहिला की त्यातले काय भक्कम आहे आणि काय अवघड, हे जितके स्पष्ट दिसते तितके रोममध्ये बसून दिसणार नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. कॅथलिकांसाठी हा जिल्हा १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळ्या झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. बिशप अमरावतीला, म्हणजे बुलढाणा शहरापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. शहराला रेल्वे नाही. मलकापूर गाठायचे तर घाट उतरावा लागतो.

‘संस्कार’ हा शब्द मराठी कॅथलिकांनी आपलासा केला तो जाणूनबुजून. जुनी माणसे ‘साक्रामेंत’ म्हणत. मराठी वाचकाला सोळा संस्कार माहीत असल्यामुळे नव्या शब्दाने अर्धे काम केले, पण अर्धा घोटाळाही केला. कॅथलिक संस्कार सात: बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर म्हणजे कम्युनियन, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. ही संख्या १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कायम केली. त्याआधी १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सभेने संस्कार कशाने पूर्ण होतो ते सांगितले होते: वस्तू, शब्द, आणि चर्च जे करते तेच करण्याचा हेतू असलेला देणारा. आपल्याकडच्या याज्ञिकाला हे परके वाटणार नाही. द्रव्य, मंत्र, कर्ता आणि संकल्प यांशिवाय कर्म होत नाही, हे जैमिनीच्या मीमांसा-परंपरेत शिकवले जातेच.

इथे तीन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर सगळी चर्चा गढूळ होते. संस्कार घडला का? नियमात घडला का? आणि घेणाऱ्याच्या आयुष्यात फळला का? एखाद्या फादरने परवानगी न घेता दुसऱ्याच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जाऊन बाप्तिस्मा दिला, तर नियम मोडला, पण बाप्तिस्मा झाला. मनात द्वेष धरून कुणी कम्युनियन घेतले, तर संस्कार खराच आहे, त्याचे फळ मात्र अडले. उलट, पाण्याऐवजी दुधाने बाप्तिस्मा दिला तर देणारा कितीही साधुपुरुष असो, काहीच घडलेले नाही.

यावरचा एक मोठा वाद उत्तर आफ्रिकेत झाला. छळाच्या काळात ज्यांनी कच खाल्ली अशा बिशपांनी दिलेले संस्कार खोटे, असे डोनाटसचे अनुयायी म्हणत. ऑगस्टिनने उत्तर दिले की देणारा खरा ख्रिस्त आहे. दगडी पाटातून पाणी वाहिले म्हणून पाटात काही उगवत नाही, पण पुढची शेती भिजते. ज्या गावात पुजाऱ्याच्या चारित्र्याची चर्चा रोज पारावर होते, त्या गावाला हा विचार फार मोठा आधार देतो. फादर चिडका निघाला, लोभी निघाला, तरी माझ्या लेकराचा बाप्तिस्मा पक्का. मला वाटते, चर्चच्या अटी समजून घ्यायच्या तर इथूनच सुरुवात करावी. त्यांचा मूळ हेतू घेणाऱ्याला देणाऱ्याच्या लहरीपासून सोडवण्याचा होता. १९८३ च्या कॅनन लॉमधले, म्हणजे चर्चच्या कायद्यातले, ८४३ वे कलमही त्याच सुरात बोलते: योग्य वेळी मागणाऱ्या, मनाची तयारी असलेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला धर्मगुरू संस्कार नाकारू शकत नाहीत. अट आधी देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नंतर.

वस्तूचा प्रश्न मात्र आपल्या मातीत आला की टोचू लागतो. मराठी बायबलमध्ये येशू स्वतःला भाकर म्हणवतो, शेवटच्या जेवणात भाकर मोडतो. वऱ्हाडात भाकर म्हणजे ज्वारीची. पिढ्यान्‌पिढ्या ज्या अन्नावर हा जिल्हा जगला, ते अन्न वेदीवर चालत नाही. कॅनन ९२४ सांगतो की भाकर निव्वळ गव्हाची हवी आणि द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांचाच हवा. ज्वारी, बाजरी, तांदूळ वापरून म्हटलेली मिस्सा नियमभंग ठरते एवढेच नाही, ख्रिस्तशरीर तिथे होतच नाही. गव्हातला चिकट अंश पूर्ण काढला तरी चालत नाही. कमी केलेला चालतो. २०१७ मध्ये रोमने हे पुन्हा बजावले. द्राक्षारसाची अडचण आपल्याकडे सरकारने आधीच हेरली होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीसाठी मद्य वापरण्याची परवानगी देण्याची सोय आहे.

आता तेलाकडे पाहा. रुग्णाभ्यंगासाठी शतकानुशतके ऑलिव्हचेच तेल लागे. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी ही अट सैल केली, कारण कितीतरी देशांतल्या बिशपांनी कळवले होते की ऑलिव्ह मिळत नाही. तेव्हापासून वनस्पतीचे कोणतेही तेल चालते. म्हणजे रीतसर आशीर्वादित केले तर खामगावच्या सरकीचे, जवसाचे, करडईचे तेलसुद्धा बुलढाण्यातल्या आजारी माणसाच्या कपाळाला लावता येते, आणि तो पूर्ण संस्कार असतो. दरवर्षी पवित्र सप्ताहात बिशप तेले आशीर्वादित करून धर्मग्रामांना वाटतात. पण गरज पडली तर विधीच्या वेळी फादरही तेल आशीर्वादित करू शकतो.

तेलाला सवलत आणि भाकरीला नाही, हे कसे? मीमांसकांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: प्रतिनिधी. सोम मिळाला नाही तर पूतीक, भात नाही तर नीवार. सांगितलेले द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागी काय घ्यायचे हे त्यांनी बारकाईने ठरवले. त्याच वेळी देवता आणि मंत्र यांना प्रतिनिधी नसतो हेही सांगितले. आपल्या घरच्या पूजेत दागिना नसला की अक्षता वाहतात, तो याच विचाराचा घरगुती अवतार. चर्चचे म्हणणे असे की तेल कोणते हे ख्रिस्ताने नेमून दिलेले नाही, त्यावर तिचा अधिकार चालतो. याकोबाच्या पत्रात तर फक्त ‘तेल’ म्हटले आहे. गव्हाची भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताने स्वतः हाती घेतले, म्हणून तिथे प्रतिनिधी नाही. कॅमेरूनचे धर्मचिंतक झाँ-मार्क एला यांनी आफ्रिकेच्या बाजरीच्या बाजूने प्रश्न विचारला होता: शेतकऱ्याच्या कष्टाचे अन्न वेदीवर येत नसेल, तर अर्पण कुणाच्या कष्टाचे? मला हा प्रश्न खरा वाटतो. तरीही इथे मी चर्चच्या बाजूने उभा राहतो. जगातल्या प्रत्येक वेदीवर एकच भाकर असणे, ती परक्या पिकाची असली तरी, लहानशा समाजाला मोठ्या घराशी बांधून ठेवते. आणि आज बुलढाण्यात रब्बीला गहू उभा असतो, तेव्हा अडचण अन्नाची उरलेली नाही, आठवणीची उरली आहे. प्रवचनात मात्र ज्वारीला जागा द्यावी, तिथे कुणाची मनाई नाही.

बाप्तिस्म्याकडे आलो की चर्च एकदम मोकळ्या हाताची होते. साधे पाणी, कोणत्याही विहिरीचे, नळाचे, पैनगंगेचे. शब्द पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. नेहमीचा देणारा बिशप, फादर किंवा डीकन. पण निकड असेल तर कॅनन ८६१ प्रमाणे योग्य हेतू असलेला कोणीही. तो स्वतः ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. सरकारी दवाखान्यात अपुऱ्या दिवसांचे बाळ जात असेल आणि आईने विनवले, तर बौद्ध किंवा मुसलमान नर्सने डोक्यावर पाणी ओतून ते शब्द म्हटले, चर्च करते तेच करायचे एवढा हेतू मनात ठेवला, की बाप्तिस्मा झाला. पुन्हा कधी द्यायचा नाही. ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक कॅथलिक घराला तोंडपाठ असायला हवी. धर्मशिक्षणात ती शिकवली जाते, पण परीक्षेच्या उत्तरासारखी. प्रसूतीच्या खोलीत ती आठवत नाही.

याच मोकळेपणाची एक काळी बाजू आहे आणि ती झाकू नये. १८५८ मध्ये बोलोन्यात एदगार्दो मोर्तारा या ज्यू मुलाला पोपच्या शिपायांनी आईबापांपासून नेले, कारण तान्हेपणी आजारात मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. संस्कार घडला होता, म्हणून मूल ‘ख्रिस्ती’ आणि ज्यू घरात वाढू शकत नाही, असा तर्क. दुष्काळांच्या आणि पटकीच्या काळात मिशनरी मरणाऱ्या अनाथ लेकरांना बाप्तिस्मा देत, तेही याच श्रद्धेने. आजही कॅनन ८६८ च्या दुसऱ्या भागात मरणाच्या धोक्यात असलेल्या बाळाला आईबापांच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा देणे नियमात बसते असे लिहिले आहे. हे वाक्य काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इतर बाळांसाठी तोच कॅनन किमान एका पालकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा मागतो. आशा अजिबात नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकला, असे सांगतो. पुढे ढकला, नाकारू नका. हा फरक धर्मग्रामाच्या कार्यालयात नेहमी पाळला गेला तर कितीतरी दुखावलेली कुटुंबे परत येतील.

शब्दांच्या बाबतीत मात्र तसूभरही सूट नाही. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ याऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हटले तर संस्कार होत नाही, असा निर्णय रोमने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. डेट्रॉइटच्या एका तरुण फादरने आपल्या बाप्तिस्म्याचे जुने चित्रण पाहिले आणि त्याला कळले की आपण बाप्तिस्माच घेतलेला नाही, म्हणून आपली गुरुदीक्षाही झालेली नाही. त्याला सगळे संस्कार पहिल्यापासून घ्यावे लागले. २०२२ मध्ये फिनिक्स धर्मप्रांताने एका धर्मगुरूने वर्षानुवर्षे दिलेले हजारो बाप्तिस्मे याच एका शब्दामुळे झालेच नाहीत असे जाहीर केले. एका सर्वनामासाठी एवढे? चर्चचे उत्तर ऑगस्टिनचेच आहे: बाप्तिस्मा जमाव देत नाही, ख्रिस्त देतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाजूला सरतो. तत्त्व मला पटते. पण हजारो निष्पाप माणसांना त्याची झळ लागली, आणि म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये रोमने पुन्हा एकदा धर्मगुरूंनाच दटावले की संस्कारांचे शब्द आणि द्रव्य तुमच्या मर्जीचे नाहीत.

बुलढाण्यात या नियमाला रोजचा उपयोग आहे, तो वेगळ्याच कारणाने. इथल्या ख्रिस्ती समाजाची जुनी मुळे बरीचशी प्रोटेस्टंट आहेत. ए. बी. सिम्प्सन यांनी अमेरिकेत उभ्या केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या वऱ्हाडी गावांत राहून काम करत होते. अलायन्सची माणसे तान्ह्याला बाप्तिस्मा देत नाहीत. समज आल्यावर, स्वतः विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात बुडवून देतात. अशी मुलगी कॅथलिक घरात सून म्हणून आली आणि कॅथलिक व्हायचे म्हणाली, तर तिला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? नाही. पाणी होते, त्र्येक देवाचे नाव होते, हेतू होता. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियानने पाखंड्यांचा बाप्तिस्मा झुगारला आणि रोमच्या स्टीफनने तो मान्य केला, जिंकला स्टीफन. कॅनन ८६९ सांगतो की गंभीर चौकशीनंतरही शंका उरली तरच ‘झाला नसेल तर’ अशी अट घालून बाप्तिस्मा द्यावा. चौकशी मात्र खरी हवी. अलीकडच्या काही स्वतंत्र मंडळ्या फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात, तो कॅथलिक चर्च मानत नाही. म्हणून फादर विचारतात: पाणी किती होते, शब्द कोणते होते? हा पोलिसी प्रश्न नव्हे. आणि जुन्या कुटुंबांकडे कागद नसले तरी अडत नाही; कुणाच्या हक्काला बाध येत नसेल तर एका विश्वासू साक्षीदाराचे सांगणे किंवा मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्याची शपथ कॅनन ८७६ ला पुरते.

मोठ्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर चर्चच्या अटी कडक आहेत आणि त्या तशाच असाव्यात. स्वतःची इच्छा, शिकवण, श्रद्धेच्या आयुष्याची काही काळ पारख. १९७२ मध्ये पुन्हा सुरू केलेली प्रौढांची दीर्घ तयारी यासाठीच आहे. जबरदस्तीला कॅनन ७४८ ने दार बंद केले आहे.

पण भारतात बाप्तिस्म्याच्या अटी फक्त चर्च लिहीत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. बुलढाण्यात बौद्ध समाज मोठा आहे. एकाच वस्तीतल्या दोन भावंडांपैकी बुद्धाला शरण गेलेल्याचा दर्जा टिकतो, बाप्तिस्मा घेतलेल्याचा जातो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा दावा फेटाळला. तिचा लहानपणी झालेला बाप्तिस्मा आणि चर्चला जाणे त्यात पुरावा ठरले. जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुड्याची रांग ओलांडली की बुऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. तिथल्या २०२१ च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या राज्याच्या उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने त्यावरची कारवाई रोखली. धर्मशास्त्र सांगते की बाप्तिस्मा आत्म्यावर न पुसणारी खूण उमटवतो. शासनाच्या दप्तरी तो जातीच्या दाखल्यावर उमटतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव लिहिताना काही हात थबकतात ते श्रद्धा कमी म्हणून नव्हे, आणि अशा माणसाला भित्रा ठरवणाऱ्या धर्मगुरूला या जिल्ह्याची ओळख नाही.

लग्नाबद्दल थोडक्यात. लॅटिन परंपरेत वर आणि वधू हेच एकमेकांना संस्कार देतात. फादर साक्षीदार असतो, पण कॅथलिकाच्या बाबतीत त्याच्याशिवाय आणि दोन साक्षीदारांशिवाय लग्न ग्राह्य नाही. दोघेही बाप्तिस्मा झालेले असतील, समजा कॅथलिक आणि अलायन्स, तर लग्न हा संस्कारच, परवानगी लागते. एक जण बौद्ध किंवा हिंदू असेल तर बिशपांची खास सूट लागते, लग्न पक्के असते, पण संस्कार म्हणवत नाही. मुलांना कॅथलिक वाढवण्याचा होईल तितका प्रयत्न करीन हे वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्याकडून सही घेण्याची जुनी पद्धत १९७० मध्ये संपली. कुणी अजूनही ती मागत असेल तर तो नियम नाही. महिनाभर फादर मिळण्यासारखा नसेल तर दोन साक्षीदारांसमोरचे लग्नही ग्राह्य धरणारे १११६ वे कलम आहे. पूर्व विदर्भातल्या वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीत तर सिरो-मलबार चर्चचा चांदा धर्मप्रांत आहे. तिथल्या कायद्यात फादरचा आशीर्वादच लग्नाला ग्राह्य करतो, आणि बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरणाचे तेल लावतात. एकाच विदर्भात एकाच विश्वासाच्या अशा दोन वाटा.

आता त्या नाताळच्या रांगेकडे परत येतो. कम्युनियन बाप्तिस्म्यानंतरचे आहे. ते घेणारा ‘मी या शरीराचा अवयव आहे’ असे जाहीर करतो. म्हणून हिंदू पाहुण्याला ते दिले जात नाही. शेगावचा प्रसाद पाहुणचार आहे, हे नाते आहे. नाते रांगेत उभे राहून लागत नाही. अलायन्सच्या ख्रिस्ती माणसाचे काय? कॅनन ८४४ चे दार अरुंद आहे, पण आहे: मरणाचा धोका किंवा बिशपांनी मान्य केलेली गंभीर गरज, स्वतःचा पाळक गाठणे अशक्य, स्वतःहून मागणी, त्या संस्काराबद्दल कॅथलिक श्रद्धा आणि मनाची तयारी. मला वाटते, खेड्यापाड्यांतल्या एकट्यादुकट्या ख्रिस्ती म्हाताऱ्यांसाठी ‘गंभीर गरज’ म्हणजे काय याचा विचार धर्मप्रांतांनी करावा. ज्याच्या मंडळीचा पाळक महिन्यातून एकदाही येत नाही, त्याची भूक मरणाच्या धोक्यापेक्षा वेगळी कशी?

सगळ्यात अवघड अट शेवटी ठेवली आहे. पापनिवेदन फादरसमोर, प्रत्यक्ष. फोनवरून क्षमा मिळत नाही. तरीही २० मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या साथीच्या सुरुवातीलाच, रोमने सामूहिक क्षमेचा मार्ग आणि देवावरच्या प्रेमातून आलेल्या पूर्ण पश्चात्तापाची जुनी शिकवण लोकांपुढे ठेवली. रुग्णाभ्यंगाला असा मार्ग नाही. तेल कोणतेही चालते, पण लावणारा हात फादरचाच हवा. डीकन नाही, सिस्टर नाही, धर्मशिक्षक नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये रोमने हे पुन्हा सांगितले, कारण या संस्काराबरोबर पापांची क्षमा जोडलेली आहे. म्हणजे जन्माच्या दाराशी कोणीही माणूस चालतो, मरणाच्या दाराशी फक्त एकच. मोताळा, संग्रामपूर, लोणार तालुक्यांत पसरलेल्या चार-दोन घरांना रात्री फादर गाठायचा म्हणजे किती किलोमीटर, किती गाड्या, पावसाळ्यात किती ओढे, याचा हिशेब त्या घरांनाच माहीत. २०१९ च्या ॲमेझॉन सभेत जंगलातल्या बिशपांनी हाच हिशेब मांडला होता आणि विवाहित, अनुभवी माणसांना गुरुदीक्षा देण्याची मागणी केली होती. फेब्रुवारी २०२० च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी त्यावर होकार दिला नाही.

तोवर हाती जे आहे ते वापरता येते. कायद्याने ‘मरणाच्या आधी’ची वाट पाहायला सांगितलेले नाही, आजार किंवा म्हातारपण धोक्याचे वाटू लागले की अभ्यंग मागता येतो, आजार वाढला तर पुन्हा मागता येतो. घरात म्हातारे माणूस पडले की फादरला आठवडाभर आधी कळवावे, शुद्ध असताना. आणि फादर पोचलाच नाही, तर सिस्टर किंवा शेजारी घरात बसून प्रार्थना म्हणतात, कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात. ती जागा संस्काराने भरलेली नसते, हे त्यांना माहीत असते. तरी ते उठत नाहीत. पहाटेपर्यंत बसतात.